अंधारात आणलेली मारुती

वरुडात जुनी मारुती आठशे घेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत फाटकं धोतर नेसून बसणं. हे संत्र्याचं गाव. इतकं, की रेल्वे स्टेशनचंच नाव ‘वरूड ऑरेंज सिटी’. आंबिया बहाराचा पैसा हाती आला की इथे आधी बोअर खोल जाते, मग गाडी उंच होते. भूजलवाले तालुक्याला ‘अतिशोषित’ म्हणोत, गाड्या सकाळी पाइपानेच धुतल्या जातात. माझ्या साळ्याच्या गाडीत चढताना मला खालून कोणीतरी लोटावं लागतं.

मी गणिताचा निवृत्त मास्तर. गाडी शिकलो साठाव्या वर्षी, आणि रिव्हर्स अजून शिकायचा आहे. एवढ्याशा विद्येवर दहा लाख लावणं गणितात बसेना. “पण चार लोक काय म्हणतील?” सौ. म्हणाली. हे चार लोक मी जन्मभर शोधतो आहे.

अमरावतीला एका दलालाकडे २००९ची पांढरी मारुती मिळाली, पंचेचाळीस हजारांत. डिसेंबर १९८३मध्ये इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली दिली, तेव्हाही ही गाडी पन्नास हजारांच्या आतबाहेरच होती. चाळीस वर्षांत भाव न हललेली वस्तू आमच्या घरात दुसरी मीच. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग झालेलं, कागद २०२९पर्यंत पक्के. “सिंगल हँड हाये सर, डाक्तरची गाडी,” दलाल म्हणाला. मागच्या काचेवर लाल अधिक चिन्ह होतं. मला बरं वाटलं. डॉक्टर कशाचा, हे विचारायचं राहिलं. सीटचा वास मी जुनेपणाचा समजलो.

बेत असा, की अंधार पडल्यावर वरुडात शिरायचं. म्हणून मोर्शीला तीन चहा घेऊन वेळ काढला. तेवढ्यात अप्पर वर्धा धरण पाहून झालं असतं. पण तिथून निघताना रिव्हर्स लागला असता.

मोर्शी सोडली आणि एका गावाच्या फाट्यावर एक पोरगा हात पसरून रस्त्यात उभा राहिला. “डाक्तरसायेब आले वो!” पाठोपाठ एक म्हातारी. “गाय अडली हाये बापा. चाला लवकर.”

“आजी, मी मास्तर आहे.”

“असान मास्तर. आले त पाहा तरी!”

गाडी ओळखीची, त्यामुळे आतल्या माणसाचं कोणी ऐकेना. गल्लीत नाक घालून मला गोठ्यापाशी नेलं. लाइन गेलेली. हेडलाइटच्या उजेडात गाय आडवी पडून माझ्याकडे पाहत होती, आणि तिला तरी मी डॉक्टर नाही हे कळलं असावं. कोणीतरी खऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. जनावरांचे डॉक्टर! वासाचा उलगडा तेव्हा झाला.

“वासराचे पाय किती दिसतात?” फोनवर प्रश्न.

“दोन,” मी म्हणालो. आकडे हा माझा विषय.

“आणि नाक?”

“तेही.”

“मग घाबरू नका. गायीला कळ आली की तेवढ्यापुरतं खाली ओढायचं. मधे ओढायचं नाही.”

म्हातारीच्या मुलानं ओढलं. मी फोन धरला. माझ्या हाताचं कंपन पुण्यापर्यंत पोचत असावं. अर्ध्या तासानं ओलं, चिकट असं काहीतरी गवतावर पडलं आणि शिंकलं. कालवड. म्हातारीनं गायीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मीही चष्मा पुसत बसलो. धूळ फार होती.

“झालं ना?” डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, “गाडी कशी चालते? पहिला गिअर थोडा दाबून टाकत जा. आणि उन्हात उभी करू नका हो तिला.”

मी हो म्हणालो. त्यांना फोन ठेववत नव्हता.

हेडलाइटनं बॅटरी उतरली होती. गल्लीतून मागे यायचं होतं, मी घामाघूम. पण दहा-बारा जणांनी बॉनेटला हात लावून गाडी उलटी लोटत फाट्यावर आणली, मी नुसतं स्टिअरिंग धरलं. आयुष्यातला माझा पहिला यशस्वी रिव्हर्स. मग मागून लोटून सुरू करून दिली, आणि मागच्या सीटवर संत्र्यांचं एक पोतं टाकलं. डॉक्टरची फी म्हणे. मी मास्तर असल्याचं पुन्हा सांगितलं. पुन्हा कोणी ऐकलं नाही.

वरुडात शिरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. साळा पानठेल्यावर, सोबत तिघे. म्हणजे एकूण चार. अखेर सापडले.

दुसऱ्या दिवशी काचेवरचं अधिक चिन्ह ब्लेडनं खरवडायला घेतलं. उभी रेघ निघाली. आडवी काही केल्या निघत नाही. गणिताच्या मास्तराच्या गाडीवर आता वजा आहे.