काहीही न करण्याची निविदा

माउंटन बाइकला रस्ता लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. रस्ता नाही म्हणजे खडी नाही, सिमेंट नाही, पेव्हर ब्लॉक नाहीत. पेव्हर ब्लॉक नाहीत म्हणजे भूमिपूजन नाही, आणि भूमिपूजन नाही म्हणजे माननीयांचा हसरा फ्लेक्स नाही. अशा वाहनाचं शहरात कुणी आणि कशासाठी स्वागत करावं?

या वाहनाचं मूळच बेशिस्तीत आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून जाड टायरांच्या जुनाट सायकली खाली सोडल्या आणि त्याला शर्यत म्हटलं. वाट कसली, तर वणवा विझवायला जाणाऱ्या गाड्यांसाठी केलेली कच्ची चाकोरी. पायडल उलटं दाबून लागणारे ब्रेक इतके तापायचे, की खाली पोचेपर्यंत त्यातल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग ब्रेक खोला, पुन्हा ग्रीस भरा, पुन्हा वर चला. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने या उद्योगासाठी खास सायकल घडवली. 1981मध्ये कारखान्यात बनलेली स्टम्पजंपर बाजारात आली आणि 1996मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये या खेळाला पदकं मिळू लागली. वीस वर्षांत डोंगरातून ऑलिम्पिकपर्यंत मजल, आणि मधे एकही फीत कापलेली नाही! आज त्याच मरीनमध्ये सायकलींना ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, आणि बऱ्याचशा अरुंद पायवाटांवर तर त्यांना मज्जावच आहे. संस्थापकांचा गौरव करून त्यांचा उद्योग बंद पाडण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे, असा गैरसमज नको.

आपल्याकडे मात्र असला पोरखेळ चालत नाही. आपण आधी सोय करतो, मग सायकलवाला शोधतो. पवईचंच पाहा. मुंबईला पाणी पाजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा तलाव बांधला. पुढे त्याचं पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही, माणसांनी तोंड फिरवलं, मगरींनी तक्रार केली नाही. त्या तिथेच राहिल्या, काठावर येऊन ऊन खात पडू लागल्या. 2021मध्ये महापालिकेच्या ध्यानात आलं, की एवढा मोठा काठ नुसता पडून आहे आणि त्याचा लाभ फक्त मगरींना मिळतो आहे. लगेच तलावाभोवती साडेदहा किलोमीटरच्या सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचा घाट घातला गेला. काठ अपुरा पडला तिथे पाण्यात उतरायचं ठरलं. तारेच्या जाळ्यांत दगड भरून त्या रचायच्या, याला गॅबियन म्हणतात. दगडांमधून पाणी जात असल्यामुळे तलावाला याचा त्रास नाही, असं सांगण्यात आलं. मगर दगडांमधून जाते का, हे कुणी विचारलं नाही.

खरं तर या ट्रॅकमध्ये मोठी दूरदृष्टी होती. एका बाजूने सायकल, दुसऱ्या बाजूने मगर, असा वेग वाढवणारा प्रशिक्षक जगात कुठल्या क्रीडासंकुलात मिळतो? फुकट, अनुभवी, आणि निवृत्तीचं वय नसलेला. पण आयआयटीत शिकणारे विद्यार्थी नको तितके शिकतात. त्यांतल्या दोघांनी जनहित याचिका केली आणि 6 मे 2022 रोजी उच्च न्यायालयाने 2017च्या पाणथळ जागांच्या नियमांवर बोट ठेवून सगळं काम बेकायदा ठरवलं. टाकलेलं काढा, जागा पूर्ववत करा, असा आदेश झाला. पूर्ववत करण्यासाठीही निविदा काढावी लागते, हा त्यातला एकमेव आशेचा किरण.

हे वाचून पुणेकरांनी मिशीत हसू नये. त्यांच्याकडे मगर नाही, पण टेकड्या आहेत, आणि टेकडी नुसती बसलेली कुणालाच बघवत नाही. शहरात सर्वांत उंच असलेली वेताळ टेकडी म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरांवरची मोकळी जागा. मोकळी! वनखात्याला तिथे टक्कल दिसलं, म्हणून त्यावर मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प लावला. त्याच्याखाली गवत फारसं उगवत नाही. पण हिरवं दिसतं, आणि हिरवं दिसणं हेच अहवालात मोजलं जातं. रस्तेवाल्यांना तिथे वाहतूककोंडीवरचा उतारा दिसला, म्हणून बालभारती ते पौड फाटा हा रस्ता वर्षानुवर्षे कागदावरून टेकडीवर उतरायची धडपड करतो आहे. सुशोभीकरणवाल्यांना तिथे बाकं, कुंपण आणि सेल्फी पॉइंट दिसतो. टेकडीला टेकडी म्हणून बघणारं एकही खातं नाही, कारण तसं लेखाशीर्षच नाही.

आता सायकलवाल्यांकडे वळू, नाहीतर त्यांना वाटेल आपण या गोष्टीतले सोज्वळ नायक आहोत. टेकडीच्या पायथ्याशी राहणारा हा गृहस्थ लाख-दीड लाखाची सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून टेकडीच्या पायथ्याशीच आणतो. पुढच्या चिमट्याला 120 मिलिमीटरचं सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बटण दाबलं की खाली जाणारी सीट. एवढी तयारी करून तो चाळीस मिनिटांत खाली येतो आणि तासभर मिसळ खातो. सगळ्याची नोंद मोबाइलच्या ॲपवर होते, मिसळ वगळून. वाटेत त्याला टेकडीवरचे काका भेटतात. हातात काठी, कमरेला मोबाइल, मोबाइलवर मोठ्याने अभंग.

"अहो, निदान घंटी तरी वाजवा!"

"काका, घंटी नाही बसवली. वजन वाढतं."

"आणि पोटाचं काय?"

यातली बाजू कुणाची घ्यावी, हे मला आजवर कळलेलं नाही. काकांना टेकडी शांत हवी असते, फक्त त्यांच्या अभंगाएवढी. सायकलवाल्याला टेकडी नैसर्गिक हवी असते, फक्त त्याच्या उताराएवढी. पावसाळ्यात वाट चिखलाने भरली की तो चिखल चुकवून बाजूच्या गवतावरून चाक घालतो. त्याच्या मागचा त्याच्याही बाजूने. दोन महिन्यांत हातभर वाटेचा बैलगाडीरस्ता होतो. उघड्या मुरमावर अंडी घालणाऱ्या टिटवीला घंटी नसल्याचा तोटा काकांपेक्षा जास्त होतो.

गंमत म्हणजे या विषयातले खरे इंजिनिअर टेकडीवर रोज चरायला येतात. शेळी कधी सरळ उताराने वाट पाडत नाही. ती डोंगराला आडवी, समपातळीच्या जवळून, मधेच किंचित वर जाऊन पुन्हा खाली अशी चालते. अमेरिकेतले ट्रेल बांधणारे जाणकार याचीच सूत्रं करून शिकवतात: वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा, सरासरी दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नका, वाट दरीकडे हलकी कलती असू द्या, आणि ठरावीक अंतराने छोटा उलटा चढ द्या, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूला सांडेल. वाट सरळ खाली सोडली की पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओढा होतो. शेळीला हे कुणी शिकवलं नाही, आणि तिने आजवर सल्लागार शुल्काचं बिलही दिलेलं नाही. म्हणूनच तिच्या शिफारशी कुणी वाचत नाही.

तेव्हा मी माझ्यापरीने एक मसुदा करून ठेवला आहे. सक्षम प्राधिकाऱ्यांनी विचार करावा.

"जाहीर निविदा सूचना. कामाचे नाव: टेकडीस व तलावास हात न लावणे (टप्पा क्र. 1). कामाचे स्वरूप: शेळ्या, मोळीवाल्या बाया, फिरणारे ज्येष्ठ नागरिक व सायकलस्वार यांनी पाडलेल्या वाटा आहेत तशा राहू देणे. साहित्य: निरंक. यंत्रसामग्री: निरंक, जेसीबी आढळल्यास जप्त करण्यात येईल. ठेकेदाराने प्रत्यक्ष काम सुरू केल्यास करार आपोआप रद्द समजला जाईल. दोषदायित्व कालावधी: टेकडी असेपर्यंत. वाढीव खर्चाची मागणी विचारात घेतली जाणार नाही, कारण मूळ खर्चच नाही."

ही निविदा निघणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. अडचण तांत्रिक आहे. मोजमापवहीत कनिष्ठ अभियंत्याने लिहायचं काय? कामापूर्वीचा फोटो आणि कामानंतरचा फोटो एकच असेल, तर लेखापरीक्षक देयक कसं पास करील? आणि सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे शून्याची टक्केवारी किती होते?

अगदीच काही करायचं नसतं, असंही नाही म्हणा. वळवाचा पाऊस पडून गेला, की चार माणसांनी टिकाव-फावडं घेऊन वाटेवरून एक चक्कर मारायची. पाणी जिथे वाट धरून धावलं असेल तिथे आडवा उंचवटा घालून त्याला बाजूची दिशा दाखवायची, उभ्या आडवाटांवर काटेरी फांद्या टाकून त्या बंद करायच्या, आणि जमीन ओली असेपर्यंत सायकल घरी ठेवायची. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. फावडं मारायला रविवारी माणसं येतात. लाख-दीड लाखाची सायकल बाल्कनीत उभी ठेवायला कुणी तयार होत नाही. एवढ्या कामाचा खर्च म्हणजे फावड्यांचे दांडे आणि चहा. चहाच्या खर्चात कुठली प्रशासकीय मान्यता घेणार?

म्हणून वाचकहो, तुमच्यापुरतं एक सांगतो. विकास आराखड्यातलं टेकडीचं किंवा तलावाकाठचं आरक्षण बदलायचं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी महिनाभर मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा टाइपात येते. तिच्यात ओळखीच्या टेकडीचं नाव दिसलं, की साध्या कागदावर, मराठीत हरकत लिहा आणि मुदतीत स्वतः नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.