वारसदार

तंजावरास जाणाऱ्या मराठी माणसांत एक वर्ग असा आहे की, त्यास प्रवासी म्हणणे हा त्याचा उपमर्दच ठरेल. कारण व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे मराठी गादी स्थापिली आणि १८५५ साली इंग्रजांनी ती खालसा केली, एवढ्या आधारावर हे गृहस्थ वडिलोपार्जित मिळकतीच्या पाहणीस आल्याच्या थाटात स्थानकावर उतरतात.

बृहदीश्वराच्या प्रांगणात पाऊल ठेवताच इतरेजनांची दृष्टी दोनशे फुटांहून उंच अशा त्या विमानाकडे, म्हणजे शिखराकडे, जाते. यांची जात नाही. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले हे देवालय, व्यंकोजींच्या गादीवर पुढे बसलेल्या सरफोजीराजांना १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविण्यासाठी भिंत हवी होती म्हणूनच झाले, अशी यांची प्रामाणिक समजूत दिसते. त्या लेखाच्या चार ओळी खड्या आवाजात वाचून व उर्वरित मजकुराचा ‘वगैरे’ म्हणून निकाल लावून, ते शेजारच्या तामीळ कुटुंबाकडे घरमालकाने भाडेकऱ्याकडे पाहावे तसे पाहतात.

राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्तींपुढून, नटराजालाही ओझरता नमस्कार करून, ते झपाट्याने पुढे सरकतात. सरफोजींच्या संगमरवरी पुतळ्यापुढे मात्र, तो इंग्रज शिल्पकाराने घडविलेला असूनही, त्यांचा ऊर भरून येतो.

खरा प्रसंग सरस्वती महाल ग्रंथालयात ओढवतो. काचेखालचा मोडी कागद पाहताच ते चष्मा कपाळावर चढवतात, बोटाने हवेत ओळी गिरवतात, आरंभीचा ‘श्री’ तेवढा ओळखतात आणि ‘ही स्वारीची मसलत’ असा निर्वाळा देतात. अशा वेळी, ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या या दरबारात कारकुनी केली असा कोणी स्थानिक वृद्ध शेजारी उभा असतो; तो तोच कागद घडघडा वाचून, हा मुदपाकखान्याच्या चिंच-नारळाचा जमाखर्च असल्याचे अदबीने निवेदन करतो. यावर आमचे गृहस्थ क्षणभर निरुत्तर होतात, आणि मग ‘तुमच्या मराठीला तामिळी हेल फार येतो हो’, अशी त्याची कीव करून पुढच्या दालनाकडे वळतात.

मिळकतीच्या वादात दाव्यापेक्षा वहिवाट वजनदार ठरते. त्या न्यायाने तंजावरची सनद त्या वृद्धाच्याच नावे व्हावी, आणि आमच्या वारसदारांनी पुढल्या खेपेस निदान मोडीची बाराखडी घोटून यावे.