जुन्या फियाटखालचा थेंब: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

तुमच्याकडे जुनी फियाट आहे, याबद्दल प्रथम अभिनंदन. कागदोपत्री ती डिलाइट असेल, प्रेसिडेंट असेल नाहीतर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४ पासून ती निरनिराळ्या नावांनी बाहेर पडत राहिली आणि मुंबईने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. तर आता या फियाटखाली रोज सकाळी एक थेंब दिसू लागला आहे. घाबरू नका. थेंब पडतोय म्हणजे आत अजून ऑइल आहे. पडायचा आपोआप थांबला तर मात्र घाबरा, आणि आधी डिपस्टिक काढून बघा.

साहित्य: फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, खडू, बॅटरी, ब्रश, भरपूर चिंध्या, रॉकेल (नाहीच मिळालं तर डिझेल) आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा. पावडर कशाला हे घरात आत्ताच सांगू नये.

पहिल्या रात्री काहीही दुरुस्त करायचं नाही. ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण हातात पाना घेतलेल्या माणसाला समोर दिसेल तो नट आवळल्याशिवाय राहवत नाही. गाडीखाली पुठ्ठा सरकवा, चारही चाकं कुठे येतात ते त्यावर खडूने आखा आणि पुढची बाजू बाणाने दाखवा. बाण विसरलात तर सकाळी इंजिनाचा थेंब डिकीखाली शोधत बसाल. वॉचमनला कल्पना द्या. नाहीतर उजाडेपर्यंत पुरावा रद्दीत गेलेला असेल.

सकाळी थेंब वाचायचा. काळा आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. दाट, आणि नाक मुरडायला लावणारा गंधकासारखा उग्र वास असेल तर नव्वद नंबरचं ऑइल. ते बहुधा मागच्या हाउसिंगमधून आलेलं असतं. हिरवट पाणी म्हणजे रेडिएटरचं कूलंट. ते चवीला गोड असतं असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तकावर विश्वास ठेवा. ते विषारी असतं, आणि आवारातली मांजरं पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून आधी ते पुसून टाका. पेट्रोलचा डाग सकाळपर्यंत टिकत नाही, वास मात्र टिकतो. तसा वास आला तर जवळपास काडी, सिगारेट आणि उघडा दिवा नको. सल्ला द्यायला आलेल्या काकांची विडीसुद्धा.

काका येणारच. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत निदान तिघं जमतात आणि त्यातल्या एकाच्या मेव्हण्याकडे अशीच गाडी असते. तिघं मिळून तीन वेगळी कारणं सांगतील. वाद घालू नका, बॅटरी धरायला द्या.

आता मुख्य गोष्ट. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. ऑइल धातूच्या अंगाने खाली उतरतं, कडेकडेने सरकतं आणि सगळ्यांत खालचा नट किंवा कंगोरा सापडला की तिथून लोंबतं. शिवाय गाडी पळताना खालचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून शोध नेहमी वर आणि पुढे घ्यायचा. नमुन्याचं प्रकरण पाहा: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे थेंब लोंबतोय. मिस्त्री खाली वाकतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, ‘‘मागचं सील गेलंय साहेब, इंजिन उतरवावं लागेल.’’ शक्य आहे. पण टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातलं बुचाचं पॅकिंग कडक झालं, तरी ऑइल हेडच्या मागून गुपचूप उतरून अगदी तिथेच येतं. पहिल्या कारणाचं बिल पाहून बसायला खुर्ची लागते, दुसऱ्याचं उभ्या उभ्या देता येतं. इंजिन उतरवायला होकार देण्यापूर्वी वर हात घालून ती मागची कड चाचपा.

हात काळा झाला म्हणून खटला सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षांच्या चिकट्यात सगळेच भाग संशयित असतात. इंजिन गार असताना ब्रश आणि रॉकेलने ती बाजू लख्ख धुवा, रॉकेल पूर्ण उडून जाऊ द्या, चिंधीने कोरडी करा आणि संशयित सांध्यांवर पावडर भुरभुरवा. मग इंजिन चांगलं गरम होऊ द्या, कारण गरम ऑइल पातळ होऊन बारीक फटीतूनही वाट काढतं. इंजिन बंद करून बघा: पांढऱ्यावर जिथे पहिली काळी रेघ उमटली, तिथे चोर.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. सपाट जमीन, चाकांना लाकडी ठोकळे, खाली मजबूत स्टँड. या परिच्छेदात विनोद नाही.

ब्रेक ऑइलच्या बाबतीतही नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि प्रत्येक ड्रमच्या आत व्हील सिलिंडर. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली, किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली, तर गाडी जागेवरून हलवू नका. गॅरेजपर्यंतसुद्धा नाही, मिस्त्रीला घरी बोलवा.

बाकी चोर सापडल्यावर आवळण्याचा मोह होईल. बुचाचं पॅकिंग जास्त आवळलं की चिरडून बाहेर येतं आणि पत्र्याचं कव्हर बोल्टांपाशी वाकतं; मग नवीन पॅकिंगही गळतं. कव्हर काढा, कड हलक्या हातोडीने सपाट करा, जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवा आणि बेताने आवळा. इंजिनाची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चोंदलेली नाही ना तेही पाहा. ती बुजली की आतला दाब ऑइलला ढकलतो, आणि तुम्ही एक सांधा बंद केलात की ते दुसरा शोधतं. अनेक गाड्यांची सगळी सीलं बदलली जातात आणि ब्रीदर तसाच राहतो.

एवढं करूनही आठवड्याला एखादा थेंब पडत असेल, तो इंजिन ऑइलचा असेल आणि पातळी जागेवर असेल, तर माझं मत विचाराल तर सोडून द्या. १०८९ सीसीच्या त्या म्हाताऱ्या इंजिनाकडून कोरड्या फरशीची अपेक्षा ठेवणं म्हणजे हट्टच. पेट्रोल, ब्रेक आणि कूलंट यांना मात्र ही सवलत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी डागाबद्दल नोटीस लावलीच, तर डागावर लाकडाचा भुसा पसरा, रात्रभर मुरू द्या आणि त्यांच्या देखत झाडा.

एव्हाना तुम्ही जाणकार झाला आहात. एखाद्या उकाड्याच्या दुपारी शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाडीखाली थारोळं दिसेल आणि ते धावत तुमच्याकडे येतील. ते एसीचं पाणी आहे हे तुम्हाला लांबूनच कळेल, पण लगेच सांगू नका. गुडघ्यावर बसा, बोट लावा, हुंगा, पुठ्ठा मागवा. आणि त्यांच्या हातात बॅटरी द्या.