धुराचा सातबारा

चाकणला एमआयडीसी आली आणि गुंठ्यागुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेले. बांध कोरले गेले, वारसनोंदी अडल्या, चुलत्यांनी तलाठ्याच्या दारात मुक्काम ठोकला. त्याच जमिनीवरून आज रोज जो धूर उठतो, त्यावर मात्र अजून एकाही भाऊबंदाने हक्क सांगितलेला नाही.

शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात उभे राहून बघा. पुढे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, मागे कंपनीची बस. बस जागची हलत नाही, पण इंजिन चालू. ड्रायव्हरमामा तंबाखू मळताहेत. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खुद्द डिझेलचे वजन किलोभरही नसते. वरचा माल चाकणच्या हवेतला ऑक्सिजन, तोही फुकट.

आता हा धूर लावायचा कुणाच्या नावावर? बस लीजवर देणाऱ्या कंपनीची, घेतली ठेकेदाराने, पळते कारखान्यासाठी. कंपन्यांनी धूर कसा मोजावा याची जगभर चालणारी पोथी म्हणजे जीएचजी प्रोटोकॉल. तिच्यात तीन स्कोप आहेत. स्वतः जाळलेले इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि बाकी सगळे जग तिसऱ्यात. तिसऱ्याचे पंधरा कप्पे; आठवा भाड्याने घेतलेल्या मालमत्तेचा, तेरावा भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा. गंमत पुढेच आहे. आपली हद्द मालकीने आखायची, आर्थिक नियंत्रणाने की प्रत्यक्ष ताब्याने, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मोजणी ऑफिसने साखळी आपल्याच हातात दिली, तर कोण शेजाऱ्याचा उकिरडा आपल्या हद्दीत घेईल?

लीज कंपनी म्हणते, आम्ही नुसते मूळ मालक, वहिवाट कुळाची. टाका तेराव्या कप्प्यात. कारखाना म्हणतो, ही तर कामगारांची ये-जा, सातवा कप्पा. उरला ठेकेदार. धूर खरा त्याच्या पहिल्या स्कोपचा. पण तो शेअर बाजारात नाही, त्यामुळे त्याला कुणी अहवाल मागत नाही. तो पीयूसी काढतो आणि मोकळा होतो. 1 एप्रिल 1957 रोजी कूळकायद्याने कसेल त्याची जमीन केली. चालवेल त्याचा धूर, असा कायदा आणला तर सगळा ताळेबंद ड्रायव्हरमामांच्या नावावर चढेल.

सेबीने 2022-23 पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिला-दुसरा स्कोप आवश्यक, तिसरा ऐच्छिक. म्हणजे जिचा धंदाच गाड्या भाड्याने देण्याचा, तिने ऑफिसचा जनरेटर आणि महावितरणचे बिल मनोभावे मोजायचे, आणि गाड्यांचे नंतर सवडीने बघायचे. शिवाय उत्सर्जन उलाढालीच्या दर रुपयामागे मांडावे लागते. भाडे वाढवा, आकडा आपोआप उतरतो. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र हिरवे पान.

विजेवरच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल म्हणतात. निगडी आगारातून 2019 पासून पीएमपीएमएलच्या ई-बस धावतात. बस ठेकेदाराची, पैसे किलोमीटरवर. चौकातला धूर कमी झाला, हे खरेच, आणि ते लहान काम नव्हे. पण आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तो चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या ठिकाणी. पिंपरीतल्या सादरीकरणात चंद्रपूरची स्लाइड नसते.

वचनांचे म्हणाल तर तिथे कुणी कंजुषी करत नाही. देशाने 2021 साली ग्लासगोत निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070चा वायदा केला. कंपन्या 2050, 2040 अशा बोली लावतात. गाडीचे लीज तीन-चार वर्षांचे, सस्टेनेबिलिटीवाल्या साहेबांची खुर्ची त्याहून अल्पायुषी. 2040 साली उत्तर द्यायला कोण असेल, ही चिंता साहेबांना नाही.

लीज संपले की डिझेलची सात सीटर वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जाते. खेड तालुक्यातला एखादा होतकरू पोरगा ती घेतो आणि राजगुरुनगर-भीमाशंकर रस्त्यावर वडाप सुरू करतो. सातच्या जागी अकरा माणसे, टपावर बोचकी, घाटात पहिला गिअर. इकडे कंपनीच्या अहवालात ती गाडी ‘उत्सर्जनातील घट’ या मथळ्याखाली जमा झालेली असते.