मोटर बिचारी निर्दोष

व्हॅक्यूम ओढत नाही, असं गाड्यांच्या वॉशिंग सेंटरच्या मालकाला सांगून बघा. तो बटण दाबतो, मशीन किंचाळतं आणि तो छाती फुगवून म्हणतो, "साहेब, आवाज ऐका की! मोटर कसली कडक आहे!"

गोम तिथंच आहे. हवेची वाट तुंबली की पंख्याला ढकलायला हवाच पुरत नाही. मग भार उतरलेली मोटर आणखी सुसाट फिरते, आवाज टिपेला जातो, वीजसुद्धा कमीच खाते. मशीन एकाएकी वरच्या पट्टीत गेलं की समजावं, काम थांबलं. (हा नियम मशीनपुरताच आहे, कुणी अंगाला लावून घेऊ नये.)

तरी पहिला संशय मोटरवरच. मेकॅनिक येतो, न उघडताच "मोटरचे कार्बन ब्रश गेले" म्हणतो. पाइप काढून मशीनच्या तोंडावर तळहात धरायला एक पैसा पडत नाही, म्हणूनच बहुधा कुणी धरत नाही. हात गच्च चिकटला तर दोष पाइपात: डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या हाराचा दोरा, पार्किंगच्या पावत्या, शेंगांची टरफलं आणि वाकणात आडवं बसलेलं नाणं. किंवा पाइप कुठंतरी फाटलेला, आणि त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी कधीच सुटलेली. हात चिकटलाच नाही तर झाकणाचं रबर बघा, टाकी बघा. पाणी ओढणाऱ्या मशीनची टाकी भरली की आतला फ्लोट वर येऊन वाट बंद करतो. त्याला मशीन बिघडलं म्हणत नाहीत, भरलं म्हणतात.

आणि फिल्टर! पावसाळ्यात चिखलाच्या मॅटवर हाच पाइप फिरतो, तोही कापडी फिल्टर न काढता. ओली माती कापडावर बसते, वाळते आणि सारवलेली भिंत तयार होते. सेंटरवरच्या पोरानं फिल्टर धुतलाच तर ओलाच परत बसवतो, म्हणजे पुढची धूळ आणखी घट्ट. खरं तर व्हॅक्यूमची सुरुवातच फिल्टरपासून झाली. 1901 साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथनं व्हॅक्यूम क्लीनरचं पेटंट घेतलं. त्याआधी त्यानं हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल टाकून तोंडानं हवा ओढून पाहिली होती आणि धूळ रुमालात अडकली होती. मोटर नव्हती, पण फिल्टर होता, आणि तोही स्वच्छ.

मोठ्या मशीनमध्ये दोन-तीन मोटरी असतात. त्यातली एक खरोखर मेली तर ती गप्प पडून राहत नाही. तिच्यातूनच बाहेरची हवा आत शिरते आणि चालू असलेल्या मोटरी गाडीतली धूळ सोडून ती हवाच ओढत बसतात. सरकारी समितीवर काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी नवी मोटर येते आणि त्याच फिल्टरमागे बसते. मालक खर्च दाखवून दर वाढवतो. गिऱ्हाईक घरी जाऊन सीटखालचा चिवडा हातानं वेचतं, आणि बिलात व्हॅक्यूमचे पैसे पूर्ण लागलेले असतात, वर जीएसटी.