खाण बंद, आराखडा चालू

खाण सुरू करतानाच ती बंद कशी करणार हे लिहून द्यायचं, असा नियम आपल्याकडे २००३ मध्ये आला. त्यासाठी मोठ्या यांत्रिक खाणींनी हेक्टरी २५ हजार रुपये हमी ठेवायची. एवढ्यात खड्ड्याला धड कुंपण तरी होतं का? २०१७ मध्ये हमी तीन लाखांवर नेली आणि अंतिम आराखडा बंद होण्याच्या दोन वर्षं आधी मागितला. पुढच्याच फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातली ८८ लीज रद्द केली. १६ मार्चपासून काम बंद. दोन वर्षांचं नियोजन पाच आठवड्यांत उरकायचं! खड्डे भूजल पातळीच्या खाली गेलेले. पंप थांबले की ते भरणार, हे पावसाला वेगळं कळवावं लागत नाही.

डंपांची कथा त्याहून जुनी आणि सुरस. टाकाऊ मातीच्या डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, हिरव्या उताराचा फोटो काढायचा, झालं पुनर्वसन. मग चीनने लोहखनिजाचा भाव चढवला आणि हलक्या प्रतीचं खनिज असलेली ती टाकाऊ माती बार्जमधून मुरगाव बंदराकडे निघाली. बाभळी तेवढ्या मागे राहिल्या, आडव्या.