मेडिकलचा फॉर्म उशिरा कसा भरावा

वक्तशीरपणा शिकवणारी पुस्तके बसस्टँडवरसुद्धा मिळतात. पद्धतशीर उशीर कसा करावा, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातल्या पालकांना दरवर्षी हे काम निव्वळ अंगभूत गुणांच्या बळावर पार पाडावे लागते, आणि मार्गदर्शनाअभावी काहींची मुले नाहक वेळेत एमबीबीएसला लागून जातात. तुमसर ते पवनी, मोहाडी ते लाखांदूर, सातही तालुक्यांतल्या गरजूंसाठी पुढील सूचना आहेत. गोंदियावाल्यांनीही वाचायला हरकत नाही. १ मे १९९९ पर्यंत तेही आपल्यातच होते.

नवशिक्यांनी नीटच्या फॉर्मपासून सुरुवात करावी. २०२५ सालचा फॉर्म ७ फेब्रुवारीला सुरू झाला आणि ७ मार्चला रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी बंद झाला. चार आठवडे हातात होते. त्यातले पहिले तीन ‘गर्दी ओसरू द्या’ या एका वाक्यावर आरामात निघतात. चौथा आठवडा लग्नसराईत जातो. शेवटच्या दिवशी दिवेलागणीनंतर नेट कॅफेत पोचावे. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो, तेव्हा आपण निळ्या पडद्यासमोर काढलेला न्यावा. दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे लागतात, हे तिथे खुर्चीवर बसल्यावरच कळू द्यावे. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल बाबांच्या खिशात असावा, बाबा साकोलीला लग्नाच्या पंगतीत असावेत, आणि नेमके त्या क्षणी जिलेबीवाल्याला दोन्ही हातांनी ‘नको, नको’ म्हणत असावेत. मुदत रात्री बारापर्यंत असते अशी गावात समजूत आहे. तिला धक्का लावू नये. ११:५० ते १२ ही दहा मिनिटे खास आपल्या लोकांसाठी राखून ठेवलेली आहेत.

या उशिराचा परतावा भरघोस आहे. एमबीबीएसबरोबर बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि राज्यातला पशुवैद्यकीय प्रवेश, सगळे नीटच्याच गुणांवर चालते. ‘मग बाहेरच्या देशात पाठवू’ म्हणाल, तर तिथून डॉक्टर होऊन यायलाही आता नीटची पात्रता लागते. एक फॉर्म राहिला की माणसांचा डॉक्टर तर सोडाच, बैलांचाही होता येत नाही.

तरीही जाणकार या प्रकाराला कमी लेखतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पोरगा परीक्षेलाच बसला नाही, तर काय गेले हे गावाला कळत नाही. खरा दर्दी पोराला परीक्षेला बसू देतो. दोन वर्षे नागपूरच्या क्लासची फी भरतो, खोलीचे भाडे भरतो, ७२० पैकी बऱ्यापैकी गुण पडू देतो, चौकात अभिनंदनाचे बॅनर लागू देतो. त्यानंतर त्याला कागदावर अडवतो. यासाठी साधना लागते, आणि ती पोराच्या जन्माआधीपासून करावी लागते.

राज्याच्या कोट्यात आरक्षित प्रवर्गातून जागा घ्यायची तर जातीचा दाखला पुरत नाही. २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. लोक त्याला नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. ती दिलेल्या मुदतीत दाखवली नाही, तर पोरगा खुल्या प्रवर्गात मोजला जातो. गुण तेच, पोरगा तोच, पण यादीत जिथे काल कॉलेज दिसत होते तिथे आज काही दिसत नाही. सरकार कधीमधी दया येऊन पावतीवर प्रवेश देते आणि व्हॅलिडिटीला काही महिन्यांची मुदत देते. या मुदतीला घाबरू नये. तीही घालवता येते.

व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. इथे भंडाऱ्याच्या माणसाला इतिहासाने भरभरून मदत केली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. त्यामुळे आजोबांच्या वेळचा कागद बहुधा हिंदीत असतो आणि त्यात आडनावाचा पत्ता नसतो. वडिलांच्या टीसीवर ‘सीताराम गणपत’ असे सुबक नाव, आणि कोतवाल बुकात ‘सितरू वल्द गनपत’. सितरू म्हणजेच सीताराम, हे पटवायला प्रतिज्ञापत्र आले. गनपतपासून पोरापर्यंतची वंशावळ आली. वंशावळ काढायला बसले की कळते, सितरूला दोन बायका होत्या, आणि दुसरीकडच्या शाखेशी बांधीच्या धुऱ्यावरून आपले तीस वर्षे बोलणे बंद आहे.

व्हॅलिडिटी त्या शाखेतल्या काकांकडे आहे.

रक्ताच्या नात्यातल्या माणसाची व्हॅलिडिटी जोडली की काम पुष्कळ सोपे होते. म्हणून ती मागायला जाऊ नये. बायकोच्या दबावाने जावेच लागले, तर चहा येण्याआधी धुऱ्याचा विषय काढावा. काका स्वतःच दार दाखवतील. मग मिसल बंदोबस्ताची नक्कल, प्राथमिक शाळेतला दाखल-खारीजचा उतारा, हे सगळे नव्याने शोधत फिरायला आपण मोकळे. जुनी शाळा कौलारू असेल आणि रजिस्टराला वाळवी लागली असेल, तर आपण नशीबवान.

या साधनेत सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे पोराची अकरावी. विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या पत्रासह, तेव्हाच अर्ज करता येतो. पुढे दीड-दोन वर्षे पडलेली असतात. समितीने त्रुटी काढली तरी ती दूर करता येते. दक्षता पथकाकडे चौकशी गेली तरी ती होऊन जाते. इथे बेसावध राहिलात, तर प्रमाणपत्र बारावीच्या आत घरात येऊन पडेल. एखादे उत्साही सर वर्गात नोटीस वाचतात, पालकांना फोनही लावतात. अशा वेळी शांतपणे म्हणावे, ‘कायची घाई जी? पह्यले पोरगा लागू तं द्या.’ हे वाक्य इतके बिनतोड आहे की सर गप्प बसतात. ते ऐकायला समंजसपणाचे वाटते, आणि त्यातच त्याची ताकद आहे. लग्न ठरल्याशिवाय मंडप कोण टाकतो? पण इथे मंडपालाच वर्ष लागते आणि मुहूर्त दिल्ली-मुंबईहून निघतो, हे सरांना त्या क्षणी सुचत नाही.

निकाल जूनमध्ये लागला की राज्याचे कॅप राऊंड पावसाळ्यात येतात. नेमकी रोवणी. या ठिकाणी आमच्या शेतकऱ्याचे दोन स्वभाव पाहायला मिळतात. पऱ्हे किती दिवसांचे झाले, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. दोन दिवस उशीर झाला तर फुटवे किती कमी पडतील, याचा हिशेब त्याच्या बोटांवर. मजूर मिळाले नाहीत तर दुसऱ्या गावाहून ट्रॅक्टर भरून बाया आणेल, दर वाढवून देईल, पण धान लांबू देणार नाही. तोच माणूस पोराच्या कागदांबद्दल म्हणतो, ‘रोवणा आटोपला की पाहून घेऊ.’ रोवणा आटोपेपर्यंत पहिला राऊंड आटोपलेला असतो. लाखांदूरचा माणूस चिखलाचे पाय धुऊन साकोलीला उपविभागीय कार्यालयात पोचतो, तेव्हा साहेब मीटिंगला भंडाऱ्याला गेलेले असतात. ते मात्र आपल्या हातात नाही. तो बोनस समजावा.

नॉन क्रिमिलेअरविषयी थोडक्यात. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातले लागते, आणि नागपूरच्या एम्ससारख्या केंद्राच्या जागेला केंद्राच्या नमुन्यातले, चालू आर्थिक वर्षात काढलेले. एकच काढावे आणि ते दुसरीकडे दाखवावे.

तुमसरकडच्या, बावनथडीच्या काठावरच्या मंडळींना एक खास सवलत आहे. पोराला दहावीला पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, मामाच्या घरी ठेवावे. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, अपवाद मोजके. हा उशीर दहावीतच होऊन जातो आणि बारावीनंतर उघडकीस येतो. मधली दोन वर्षे सगळे घर आनंदात.

माहिती कुठून घ्यावी? पानठेल्यावरून. अधिकृत माहितीपुस्तिका उघडू नये. तीत तारखा असतात. पानठेल्यावर आजही सांगतात, ‘विदर्भाचा कोटा असते नं जी, आपले पोट्टे लागून जातेत.’ तो ७०:३० चा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्येच गेला. आता मोहाडीचा पोरगा लातूर आणि पुण्याच्या पोरांबरोबर एकाच यादीत उभा असतो. पण हे सांगून कोणाचा खर्रा कडू करण्यात अर्थ नाही. त्याच ठेल्यावर दुसरी माहिती मिळते, की भंडाऱ्यात आता आपले मेडिकल कॉलेज झाले, १०० जागा आहेत, तेव्हा चिंता कायची? कॉलेज झाले हे खरे. ९ ऑक्टोबर २०२४ ला इतर नऊ कॉलेजांबरोबर पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने त्याचे उद्घाटन केले. गोंदियाला २०१६ मध्ये मिळाले होते, नागपूरला १९४७ मध्ये. म्हणजे आपल्या जिल्ह्याने स्वतःच्या कॉलेजलासुद्धा जिल्ह्याचा लौकिक राखूनच उशीर केला. मात्र त्या १०० जागांवर भंडाऱ्याच्या पोरांची नावे आधीपासून लिहिलेली नाहीत.

काहींना कोर्टाचा आधार वाटतो. कोर्टात जायचे तर उशीर भारी मापाचा हवा. नागपूरच्या एका विद्यार्थ्याला १९८५-८६ मध्ये हलबा म्हणून अनुसूचित जमातीच्या जागेवर एमबीबीएसला प्रवेश मिळाला. दाखला अवैध ठरला आणि प्रकरण वरवर चढत गेले. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद’ या नावाने त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला तो २८ नोव्हेंबर २००० रोजी. हलबा-कोष्टींना हलबा जमातीत धरता येणार नाही, यादीत फेरफार करणे न्यायालयाचे काम नाही, असे पीठाने स्पष्ट केले. पण मधल्या पंधरा वर्षांत तो विद्यार्थी डॉक्टर होऊन बसला होता आणि त्याच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च झाला होता, म्हणून पदवी तेवढी राहू दिली. ज्या आदिवासी पोराला ती जागा मिळायची, तो या पंधरा वर्षांत काय करत होता, हे कोणत्याही निकालपत्रात येत नाही. आपला उशीर पंधरा दिवसांचा असतो. तेवढ्याला तिथे भाव नाही. २००५ मध्ये मृदुल धर प्रकरणात न्यायालयाने प्रवेशाचे वेळापत्रक काटेकोर पाळा असे बजावले, तेव्हापासून तर नाहीच. सरकारने केलेला उशीर वेगळा. २०२१ ची नीट सप्टेंबरात झाली आणि देशभरच्या जागांचे समुपदेशन थेट जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. त्याला प्रक्रिया म्हणतात.

वयाच्या उशिराचाही मोह काहींना होतो. नीटला आता कमाल वयाची अट नाही. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी ६४ व्या वर्षी, २०२० मध्ये, एमबीबीएसला लागले. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याआधीची उमेदीची वर्षे त्यांनी लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात घालवली होती. हा उशीर त्यांच्यावर लादलेला होता, आळसाने कमावलेला नव्हता. सबब ही उदाहरणे आपल्या कामाची नाहीत.

सर्व सूचना पाळल्या, की ऑगस्टच्या शेवटी घरात बैठक बसते. खासगी कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्याची फी ऐकून आजी भिंतीला टेकते. ओलिताची दोन एकर बांधी विकायची गोष्ट निघते, आणि ती घ्यायला नेमके दुसऱ्या शाखेतले काका तयार असतात. शेवटी पोरगा एक वर्ष ड्रॉप घेतो. पुढच्या वर्षी त्याला खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागेल, ही एका कागदाची जादा कमाई.

व्हॅलिडिटी दिवाळीनंतर, मंडईच्या धामधुमीत येते. इथे शेवटची दक्षता घ्यावी. घरात अकरावीची धाकटी पोरगी आहे, आणि भावाचे प्रमाणपत्र हातात असले तर तिचे काम काही आठवड्यांत होऊन जाण्याची भीती आहे. तेव्हा झेरॉक्स काढू नये, मोबाईलमध्ये फोटो घेऊ नये. मूळ प्रत लग्नाच्या शालूखाली, लोखंडी पेटीत ठेवावी. पेटीला कुलूप लावावे. किल्ली बालाघाटच्या मामाकडे द्यावी.